मकानमालक बदलला तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याला घरी भेटायला आला. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला मुलगा. पुढे डिप्लोमा केला आणि आता अमरावतीत एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. चहा समोर निवत होता, पण त्याचे लक्ष नव्हते. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "सर, मकानमालिक बदल गया."

मला वाटले, भाड्याची खोली सोडावी लागते आहे. पण तो बोलत होता सॉफ्टवेअरबद्दल. ज्या सॉफ्टवेअरवर त्याच्या कंपनीचे सर्व्हर चालतात, ते ठेवायचे की सोडायचे हे मालकाला वर्षभरात ठरवायचे होते. याने मात्र घरचे पैसे भरून त्याच एका सॉफ्टवेअरचा कोर्स केलेला. ते गेले तर आपली किंमत काय, ही त्याची काळजी. त्याच्या कंपनीचे नाव इथे घेत नाही, ती त्याच्या घरची गोष्ट. पण त्या दुपारी त्याने मला जे समजावले, ते आपल्या मुलांच्या तालमीशी इतके जोडलेले आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही. मी तंत्रज्ञ नाही. बी.एड. केलेला, उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा माझ्या भाषेत सांगतो.

आपण शिक्षक दर महिन्याला "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य ऐकतो. माहिती भरायला बसावे, आणि रात्री अकरापर्यंत पान उघडू नये. आपल्या डोळ्यांसमोर एक भले मोठे कपाट येते, त्यात एक यंत्र, आणि ते बंद पडलेले. प्रत्यक्षात आज बहुतेक ठिकाणी तसे नसते. एका ताकदवान यंत्राच्या पोटात दहा, वीस, कधी त्याहून जास्त सर्व्हर राहत असतात. प्रत्येकाला वाटते की सगळे यंत्र आपलेच आहे.

जुना वाडा आठवा. पाया एक, छत एक, विहीर एक. आत बिऱ्हाडे वेगवेगळी, प्रत्येकाची कडी वेगळी, चूल वेगळी. एका बिऱ्हाडात भांडण झाले तरी दुसऱ्याची भाकरी करपत नाही. कोणाला किती पाणी, किती जागा, हे बघायला एक कारभारी. संगणकाच्या वाड्यातला हा कारभारी म्हणजे हायपरव्हायजर, आणि बिऱ्हाडे म्हणजे व्हर्च्युअल मशीन. कंटेनर नावाचा प्रकार अलीकडे फार चालतो. त्यात खोल्या वेगळ्या, पण स्वयंपाकघर सगळ्यांचे एक. जागा कमी लागते, पण आडपडदाही कमी.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या संगणकांवर हे करून पाहिले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणले. साध्या, स्वस्त संगणकांवर हे आणून दाखवले १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. पुढे इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली, आणि २००७ मध्ये केव्हीएम हा कारभारी लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. आपले सरकारही याच वाटेने गेले. केंद्र सरकारच्या मेघराज योजनेखाली एनआयसीचा राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. एनआयसीच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. म्हणजे वऱ्हाडातल्या मास्तराने भरलेली माहिती कुठल्या तरी वाड्यातल्या अशाच एखाद्या बिऱ्हाडात जाऊन बसत असते.

आता मकानमालकाची गोष्ट. ही जगाच्या चव्हाट्यावर घडलेली आहे. मे २०२२ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर सुमारे ६१ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्यवहार पुरा झाला. पुढच्याच महिन्यात जाहीर झाले की एकदा पैसे देऊन कायमचा परवाना घ्यायची पद्धत बंद. यापुढे वर्गणी. हिशेब प्रोसेसरच्या गाभ्यांवर, म्हणजे कोअरवर, आणि एका प्रोसेसरला किमान १६ कोअर धरायचे. तुमच्या जुन्या यंत्रात आठच असले तरी पैसे सोळाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये छोट्यांना आणि शिकणाऱ्यांना फुकट मिळणारा ईएसएक्सआय हा हायपरव्हायजर बंद केला. एप्रिल २०२५ मध्ये तो पुन्हा मोफत दिला. घरच्या संगणकावर चालणारे वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी मोफत झाले. एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनीही सप्टेंबर २०२४ च्या सुमारास याच सॉफ्टवेअरच्या सपोर्टवरून कोर्टात भांडत होती. नंतर त्यांची तडजोड झाली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हीस्फिअर ७ या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट संपला.

यात मी कंपनीला शिव्या देणार नाही. माल त्यांचा, भाव त्यांचा. तंत्र म्हणूनही ते उत्तम आहे, चालू सर्व्हर न थांबवता एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे काम त्यांनी वीस वर्षांपूर्वीच करून दाखवले होते. मोठ्या इस्पितळाने किंवा बँकेने उद्या सकाळी घाईत सामान बांधावे, असेही माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मोफत काय द्यायचे, कधी बंद करायचे, कधी पुन्हा चालू करायचे, हे सगळे ज्याच्या मर्जीवर, त्याच्याच एका दाराची किल्ली बनवायला आपण आपल्या मुलांना का शिकवतो?

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला हा धडा आधीच मिळालेला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मी दोन्ही भाषांच्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करायचो. आज त्या फाईली उघडल्या की एकीत ठोकळे दिसतात, दुसरीत इंग्रजी अक्षरांचा कचरा. अक्षरे माझी, मेहनत माझी, पण ती वाचायची परवानगी दुसऱ्याच्या पेटीत बंद. युनिकोड आले तेव्हा कुठे आपली लिपी आपल्या ताब्यात आली. सर्व्हरच्या दुनियेत आज तोच प्रसंग चालू आहे.

सुदैवाने तिथेही दुसरी वाट आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातली प्रॉक्समॉक्स ही छोटी कंपनी २००८ पासून केव्हीएमच्या पायावर एक व्यवस्था देते. ती डाउनलोड करायला आणि वापरायला पैसे लागत नाहीत. पैसे आहेत ते कंपनीचा सपोर्ट हवा असेल तर. २०२४ मध्ये त्यांनी ईएसएक्सआयवरचे सर्व्हर थेट उचलून आणायची सोय दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नववी आवृत्ती आली. फ्रान्समधल्या व्हेट्सचे एक्ससीपी-एनजी आहे, ते झेन नावाच्या जुन्या, केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या हायपरव्हायजरवर उभे आहे. घरच्या लॅपटॉपवर नुसते शिकायचे असेल तर व्हर्च्युअलबॉक्स आहे.

फुकट म्हणजे बिनखर्चाचे, असे मात्र समजू नका. मोहरममध्ये आपल्याकडे सबील लागते, चैत्र-वैशाखात चौकाचौकात पाणपोई लागते. पाणी फुकट, पण माठ कोणी तरी भरतो, धुतो. प्रॉक्समॉक्सचा परवानाही सबीलीच्या शिस्तीचाच आहे. प्या, दुसऱ्याला पाजा, हवे तर माठ मोठा करा. पण सुधारून पुढे दिलात तर त्या सुधारणेला कुलूप घालू नका, पेला परत जागेवर ठेवा. आणि मोफत बिऱ्हाडात विंडोज ठेवले तर विंडोजचा परवाना वेगळा लागतोच.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. त्याने घरच्या जुन्या डेस्कटॉपवर रात्री जागून प्रॉक्समॉक्स बसवले. नकली सर्व्हर तयार केले, ते हलवून पाहिले. लिनक्सचा सर्व्हर लगेच उठला. विंडोजचा उठेना, निळा पडदा यायचा. दोन रात्री गेल्या. मग त्याला उमगले की नव्या वाड्याच्या दाराचा साचा वेगळा आहे. केव्हीएम आपल्या बिऱ्हाडांना व्हर्टआयओ नावाची डिस्क देते, आणि तिचा ड्रायव्हर जुन्या विंडोजकडे नसतो. त्याने आधी डिस्क साध्या साटा पद्धतीने जोडली, विंडोज उठवले, ड्रायव्हर टाकला, मग डिस्क बदलली. तिसऱ्या रात्री सर्व्हर उठला. मला फोनवर म्हणाला, "सर, कोर्समध्ये बटणं शिकवली होती. बटणाच्या मागं काय आहे, ते आत्ता कळलं."

माझ्या मते सगळा फरक या एका वाक्यात आहे. आपल्या वऱ्हाडात, अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती, कुठेही जा, मुलांना बटणे शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागलेल्या आहेत. बटण कंपनी बदलते. त्याच्या मागचे तत्त्व, म्हणजे मेमरी कशी वाटली जाते, डिस्क कशी जोडली जाते, नेटवर्कचा खोटा स्विच कसा काम करतो, हे बदलत नाही. तत्त्व शिकलेला मुलगा मकानमालक बदलला तर घर बदलतो. बटण शिकलेला रस्त्यावर येतो. ज्या मुलाच्या घरी कोर्सची दुसरी फी भरायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी हा फरक रोजीरोटीचा आहे.

तत्त्व कळलेल्याला धोकेही कळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआर्ग्स नावाच्या खंडणीखोर हल्ल्याने जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या भोकातून चोर शिरला, त्यावरचे ठिगळ दोन वर्षे आधीच, २०२१ मध्ये, उपलब्ध होते. अनेकांनी लावलेच नव्हते. कारभाऱ्याच्या खोलीत चोर शिरला की एका रात्रीत सगळी बिऱ्हाडे लुटली जातात. हे मोफत सॉफ्टवेअरलाही तितकेच लागू आहे.

आता आपल्या शाळांकडे वळतो. आपल्या बहुतेक संगणक कक्षांतला पहिला नियम कोणता? "हात लावू नका." यंत्र बिघडले तर दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून मुलांना लांब ठेवायचे. मीही वर्षानुवर्षे हेच केले. मुलांनी पाठ्यपुस्तकात माऊसचे चित्र पाहिले आणि मागच्या रांगेतल्यांनी माऊसला कधी स्पर्श केला नाही.

सुट्टी संपल्यावर तो विद्यार्थी एका रविवारी शाळेत आला. कक्षातले त्यातल्या त्यात बरे यंत्र घेतले, सोळा जीबी मेमरीचे. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केले, ते बंदच होते. त्यात लिनक्सची चार बिऱ्हाडे थाटली आणि शेजारच्या जुन्या संगणकांवरून ती उघडून दिली. प्रत्येकाचा स्नॅपशॉट काढून ठेवला, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद. मग नववीच्या मुलींना म्हणाला, "आता काय वाट्टेल ते मिटवा."

कोणी पुढे येईना. शेवटी एकीने धीर करून सिस्टीमचा एक फोल्डर उडवला. पडदा काळा झाला. तिचा चेहरा रडवेला, ती माझ्याकडे बघायला लागली. त्याने तिलाच मूळ यंत्राशी बोलावून स्नॅपशॉटवर परत जायला सांगितले. मिनिटाच्या आत सगळे होते तसे. त्यानंतर तासभर त्या मुलींनी ती चार यंत्रे किती वेळा मोडली, मोजली नाहीत. मी पंचवीसेक वर्षे शुद्धलेखन तपासतो आहे. पाटीवरचे पुसता येते म्हणून मूल पाटीवर बिनधास्त लिहिते, हे मला ठाऊक होते. संगणकाची पाटीही असते, हे त्या दिवशी कळले. एक सूचना मात्र त्याने फळ्यावर लिहायला लावली: स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ डिस्कच गेली तर दोन्ही जातात.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्या शाळेत, ज्या संस्थेत एक तरी बरे यंत्र आहे, तिथे ते मुलांना मोडायला मिळावे. त्यावर मोफत आणि खुले सॉफ्टवेअर असावे, म्हणजे उद्या कोणाची मर्जी फिरली तरी मुलांचा सराव थांबणार नाही. आणि समजावणे आपल्या भाषेत व्हावे, उर्दूत, मराठीत, घरच्या बोलीत. शब्द इंग्रजी राहू द्या, हायपरव्हायजरला हायपरव्हायजरच म्हणा. पण वाडा, बिऱ्हाड, कारभारी आपल्या मुलांना आधीपासून माहीत आहेत. तिथून सुरुवात केली तर ती बिचकत नाहीत.

बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. सत्काराला या, पण त्याआधी एखाद्या रविवारी दोन तासांसाठी या.

आमच्या मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "काही बिघडलं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. मी रजिस्टर मागवले आणि माझ्या नावापुढे सही केली.