सोन्याच्या तीरावरील वस्ती

विजयादशमीस आपट्याचे पान हाती ठेवून आपण त्यास सोने म्हणतो. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेराने वर्षविलेले सुवर्ण कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रघूच्या कोषागारात पाडले आहे. लोककथेने ते झाडावर पाडले, आणि आमच्या मते लोककथेचा हा फेरफार अधिक शहाणपणाचा आहे, कारण त्यामुळे राजाच्या कोठारातील धन गोरगरिबांच्या ओंजळीत आले. पानाला सोने म्हणताना कोणाचीही फसगत होत नाही. ते पान घेऊन सराफाच्या पेढीवर कोणी जात नाही, आणि गेलाच तर सराफही हसून त्याला दुसरे पान देईल.

परंतु गेली काही वर्षे दसरा-दिवाळीच्या सुमारास आणखी एका पानाला सोने म्हणण्याची चाल पडू लागली आहे. कीर्तन संपून आरतीचे तबक फिरत असता श्रोतृवर्गातील कोणी हळूच जवळ येतो आणि विचारतो, "बुवा, मुहूर्तावर वेढणे घेण्याऐवजी सोन्याच्या खाणींच्या फंडात पैसे घातले तर चालेल ना? सोनेच की ते!" मुहूर्ताचा प्रश्न आम्ही चटकन सोडवितो, साडेतीन मुहूर्तांना कागदाचे काही वावडे नाही. पण "सोनेच की ते" या शब्दांसाठी आजचा हा लेखनप्रपंच करावा लागत आहे.

असे फंड ज्या मापाने स्वतःस मोजून घेतात, ते माप म्हणजे खाणकंपन्यांचा निर्देशांक. निर्देशांक ही वस्तू नव्हे, ते एक गणित आहे. काही कंपन्या निवडावयाच्या, प्रत्येकीच्या शेअरची संख्या व त्याचा त्या दिवसाचा भाव यांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज घ्यावयाची, आणि एखाद्या ठरावीक दिवसाच्या बेरजेला १०० किंवा १००० असा सोयीचा आकडा देऊन पुढील प्रत्येक दिवसाची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावयाची. वाचकहो, या संपूर्ण गणितात सोन्याचा भाव कोठेही येत नाही. येतो तो केवळ कंपन्यांच्या शेअरचा भाव.

लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स' या दैनिकाने १२ सप्टेंबर १९५५ हा दिवस १०० धरून सोन्याच्या खाणींचा निर्देशांक चालविला होता. त्या काळी सोन्याच्या खाणी म्हणजे मुख्यतः दक्षिण आफ्रिका. १९७० मध्ये त्या एका देशाने सुमारे १,००० टन सोने भूगर्भातून वर काढले. गंमत अशी, की त्या वर्षांत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. भाव स्थिर, आणि तरी खाणींचे शेअर वरखाली होत असत. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळीबार केला, त्यानंतर परदेशी भांडवल त्या देशातून काढता पाय घेऊ लागले आणि खाणींचे शेअर कोसळले. सोने मात्र ३५ डॉलरच्या आसपासच होते. मग तो निर्देशांक काय मोजीत होता? राज्यकर्त्यांची वागणूक, मजुरांची स्थिती, भांडवलाची भीती, हे सारे तो मोजीत होता. सोने तेवढे मोजीत नव्हता.

येथे आमच्या अलंकारशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. शास्त्रकार लक्षणा शिकविताना एक दृष्टान्त देतात. कोणी म्हणाला, गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. आता वाहत्या प्रवाहावर गोठे कसे उभे राहतील? म्हणून मुख्य अर्थ सोडावा लागतो आणि गंगेच्या सान्निध्यामुळे 'गंगा' या शब्दाने गंगेचा तीर समजावा लागतो. एवढ्यावर शास्त्रकार थांबत नाहीत. ते विचारतात, मग त्याने सरळ 'तीरावर' असेच का म्हटले नाही? उत्तर असे, की गंगेचा शीतलपणा आणि पावनत्व त्या वस्तीला लागावे, हे बोलणाऱ्याचे प्रयोजन आहे. खाणकंपनीच्या शेअरला जो 'सोने' म्हणतो त्याचेही प्रयोजन नेमके हेच असते. सोन्याचे स्थैर्य, आजीच्या पाटल्यांचा विश्वास आणि सणाचे पावित्र्य त्या कंपनीला लागावे. आणि ती वस्ती असते तीरावर! पूर आला की प्रथम तीच वाहून जाते.

हे कसे घडते ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका खाणीस एक औंस सोने काढावयास १,२०० डॉलर खर्च येतो आणि सोन्याचा भाव १,५०० आहे. नफा ३०० झाला. सोने दहा टक्के वाढून १,६५० झाले, तर नफा ४५०, म्हणजे एकदम दीडपट. सोने दहा टक्के उतरून १,३५० झाले, तर नफा १५०, म्हणजे निम्मा. आणखी तितकेच उतरून १,२०० वर आले, तर नफा शून्य, आणि खाणीतले पाणी उपसणे, मजुरांचे वेतन, कर्जाचे व्याज हे तर चालूच. खाणीच्या खर्चाचा आकडा कंपन्या आपापल्या सोयीने सांगत, म्हणून २०१३ मध्ये 'वर्ल्ड गोल्ड कौन्सिल' या संस्थेस खर्च कसा मांडावा याची एक समान रीत घालून द्यावी लागली. तोवर कित्येकांच्या ताळेबंदात खाण टिकवून धरण्याचा खर्च नीट दिसतच नसे.

आता प्रत्यक्ष घडलेले पाहा. अमेरिकेत या विषयाचे दोन निर्देशांक विशेष प्रसिद्ध आहेत. एक फिलाडेल्फियाच्या शेअरबाजाराचा, ज्याचा आधार जानेवारी १९७९ मधला असून ज्यावर डिसेंबर १९८३ मध्ये सौदे सुरू झाले. त्यात चांदीच्या कंपन्याही आहेत आणि मुख्यतः तांबे काढणारी एक बलाढ्य कंपनीही त्यात दीर्घकाळ होती, म्हणजे सोन्याच्या पंगतीत तांब्याचे ताट! दुसरा १५ मार्च १९९६ रोजी २०० हा आकडा धरून आरंभलेला 'गोल्ड बग्ज' निर्देशांक. इंग्रजीत सोन्याच्या वेड्यांना सोनकिडे म्हणतात, त्यावरचा हा श्लेष. सप्टेंबर २०११ मध्ये सोने १,९०० डॉलरला जाऊन भिडले, तेव्हा हा दुसरा निर्देशांक ६०० च्या वर होता. डिसेंबर २०१५ मध्ये सोने सुमारे १,०५० पर्यंत उतरले, म्हणजे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास घट झाली. निर्देशांक मात्र २०१६ च्या जानेवारीत १०० च्या जवळ आला होता. शंभरातले ऐंशीहून अधिक गेले. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याने २,००० डॉलर ओलांडून नवा उच्चांक केला, पण निर्देशांक ४०० च्याही खालीच घोटाळत राहिला. याची दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे आहे. २०२५ मध्ये सोने साठ टक्क्यांहून अधिक वाढले, ऑक्टोबरात ४,००० डॉलरच्या पार गेले, आणि त्या वर्षी खाणींचे निर्देशांक दुपटीहून अधिक झाले. ज्यांनी तेव्हा कमावले त्यांचे आम्हांस मुळीच वैषम्य नाही. कमावले ते व्यापारात कमावले, इतकेच आमचे म्हणणे.

व्यापार म्हटला की माणसांची बुद्धी आणि दुर्बुद्धी दोन्ही आल्या. शेतकरी उभ्या पिकाचा सौदा आधीच करून टाकतो, त्याप्रमाणे अनेक खाणकंपन्यांनी पुढील कित्येक वर्षांचे सोने ठरलेल्या भावाने विकून ठेविले होते. भाव पडत होता तोवर हे शहाणपण ठरले. भाव चढू लागला, तेव्हा तेच गळ्याशी आले. कॅनडाच्या 'बॅरिक' या प्रचंड कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये ते सौदे मोडावयाचे ठरविले आणि त्यापायी ५.६ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवावा लागला. सोने वाढले म्हणून सोन्याच्या कंपनीला तोटा! 'गोल्ड बग्ज' निर्देशांकात दीड वर्षापलीकडचे असे सौदे न करणाऱ्या कंपन्याच घ्यावयाच्या, हा नियम याच भयाने केलेला होता. पण एक छिद्र बुजविले म्हणून मडके अभंग होत नाही. 'किनरॉस' कंपनीने २०१० मध्ये आफ्रिकेतील खाणींसाठी एक दुसरी कंपनी सुमारे ७ अब्ज डॉलरला घेतली आणि दोन वर्षांच्या आत त्यातील अब्जावधींची किंमत खात्यावरून पुसून टाकली. सोन्याचा भाव त्या काळात चढाच होता.

आणि ब्रे-एक्सची कथा तर आमच्या कीर्तनात शोभावी अशी आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे अपार सोने सापडल्याचा डांगोरा या कॅनडियन कंपनीने पिटला. जमिनीतून काढलेल्या दगडांच्या चुऱ्यात सोन्याचे कण बाहेरून मिसळलेले होते. कंपनीचे मोल ६ अब्ज कॅनडियन डॉलरच्या घरात गेले, आणि टोरांटोच्या ३०० कंपन्यांच्या निर्देशांकात तिला मानाने स्थान मिळाले. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला, की तेथे सोने नाही. मारीचाचे कातडे सोन्याचे होते, आत राक्षस होता; येथे तर आत काहीच नव्हते. ध्यानी घेण्याजोगे हे, की निर्देशांकाने यात काहीच चूक केली नाही. तो शेअरचा भाव पाहतो, भूमीत उतरून पाहत नाही. ज्या निवृत्तिवेतनाच्या फंडांचा पैसा तेथे बुडाला त्यांत ओंटारिओचे शिक्षकही होते.

निर्देशांकाचे नियम माणसे करतात आणि माणसेच बदलतात, हेही ठाऊक असावे. लहान खाणकंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणारा एक फंड नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत निघाला. त्यात पैसा इतका लोटला, की कॅनडातील कित्येक लहान कंपन्यांचे जवळजवळ पाचवा हिस्सा शेअर त्या एका फंडाकडे आले, आणि तेथील कायद्याप्रमाणे २० टक्के ओलांडले की सबंध कंपनी घेण्याचा प्रस्ताव मांडणे भाग पडते. मग २०१७ मध्ये निर्देशांकाचाच नियम बदलून त्यात मोठ्या कंपन्यांना जागा करून देण्यात आली. छायेने वस्तूच्या मागे जावयाचे. येथे छाया इतकी वाढली, की वस्तूलाच सरकावे लागले.

आपल्या भूमीत कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. इंग्रजी अमदानीत त्यांचे शेअर लंडनला विकले जात. १९५६ मध्ये त्या सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. हट्टीची खाण कर्नाटक शासनाची आहे, तिचा शेअर बाजारात मिळत नाही. त्यामुळे मराठी गृहस्थाला या निर्देशांकांची वाट परदेशातूनच घ्यावी लागते. २००७ पासून ती आपल्याकडे फंडांच्या रूपाने खुली झाली आहे. येथील पैसा बाहेरच्या फंडात जातो आणि तो कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातील कंपन्यांचे शेअर घेतो. ज्याच्या घरी उद्याची चिंता नाही, ज्याला दहा वर्षे थांबता येते आणि निम्मे गेले तरी ज्याची झोप मोडत नाही, त्याने ते अवश्य घ्यावेत. त्यात अधर्म काही नाही. मात्र घेताना तो कोणत्या निर्देशांकाशी आपली तुलना करतो, त्यात कोणाचे वजन किती, चांदी-तांब्याच्या कंपन्या आहेत का, हे विचारावे. ज्या विक्रेत्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून उदबत्तीदेखील घेऊ नये. पण मुलीच्या लग्नाचे, वार्धक्याच्या औषधाचे आणि देवीच्या नवसाचे पैसे या तीरावर ठेवणे आम्हांस मान्य नाही.

आमच्या नित्याच्या श्रोत्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. २०११ च्या दसऱ्याला नातीच्या पाटल्यांसाठी साठविलेली रक्कम त्यांनी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून अशा फंडात घातली. घडणावळ वाचते, चोराचे भय नाही आणि शेवटी सोनेच, असे त्यांना समजावण्यात आले होते. २०१५ च्या ज्येष्ठात, सिंहस्थ लागण्यापूर्वी, लग्न निघाले. डॉलरमध्ये सोने तोवर बरेच उतरले होते, पण रुपयाही घसरलेला असल्याने आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव चार वर्षांपूर्वी होता जवळपास तेथेच होता. फंडातील रक्कम मात्र निम्मीही उरली नव्हती. मास्तरांनी ती काढून मंडपवाल्याला दिली. पाटल्या आजीच्या पेटीतून निघाल्या.