इंजिन बोलोन्याचं, चेसीस रिमिनीची

पुण्यात कुणी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?" दुसरा, "सीसी किती?" सुट्टीत घरी आलो की धाकटे काका माझ्या मोबाईलमधले फोटो बघून हेच विचारतात. मी सांगतो, "साडेसातशे. इंजिन डुकाटीचं." त्यावर त्यांचं म्हणणं, "अरे, मग सरळ डुकाटीच म्हण की!"

तसं म्हणता येत नाही. गाडी आहे बिमोटा डीबी-१. 'डी' डुकाटीचा, 'बी' बिमोटाचा आणि १ म्हणजे या जोडीची पहिली गाडी. १९८५ साली ती आली आणि मोजक्या शेकड्यांतच बनली. इंजिन इटलीतल्या बोलोन्याचं, म्हणजे मी राहतो त्या शहरातलं. चेसीस तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या रिमिनीची. माझ्या लेखी ती चेसीस हीच गाडी.

रिमिनी हे समुद्रकाठचं, सुट्टीत गजबजणारं शहर. बियांकी, मोर्री आणि तांबुरिनी या तिघांचा तिथे हीटिंग आणि वातानुकूलनाच्या कामांचा धंदा होता. तिघांच्या आडनावांतली सुरुवातीची अक्षरं जोडून बिमोटा झालं. मास्सिमो तांबुरिनीला मोटरसायकलचं वेड. १९७२ साली मिसानोच्या ट्रॅकवर तो होंडा सीबी ७५० वरून पडला, बरगड्या मोडल्या. त्या काळातल्या मोठ्या जपानी गाड्यांचं दुखणं एकच होतं. इंजिन दणकट आणि भरवशाचं, पण ते ज्या नळ्यांत बसवलेलं असायचं त्या नळ्या जोरात घेतलेल्या वळणात पिळवटायच्या. मग पुढचं चाक एकीकडे जायला बघतं, मागचं दुसरीकडे. बरा झाल्यावर तांबुरिनीने इंजिन तेच ठेवलं आणि त्याच्याभोवती स्वतःची चेसीस बांधली. ती एचबी-१, बिमोटाची पहिली मोटरसायकल. पुढे सुझुकी, कावासाकी, यामाहा, ज्याचं इंजिन चांगलं त्याचं घ्यायचं आणि बाकी सगळं आपण घडवायचं, ही त्यांची रीतच झाली. डीबी-१ काढली तेव्हा तांबुरिनी बाहेर पडला होता, कंपनी कर्जात होती. फेदेरिको मार्तिनीने आखलेल्या या गाडीने तिला तारलं.

डीबी-१ची चेसीस म्हणजे क्रोम-मॉली पोलादाच्या सरळ, बारीक नळ्या, त्रिकोणात्रिकोणांनी जोडलेल्या. लोखंडी रेल्वेपुलाच्या कैच्यांचं गणित तेच इथे. त्रिकोणातल्या नळीवर एक तर ताण येतो, नाही तर दाब, वाकवणारा जोर फारसा उरत नाही. म्हणून कमी लोखंडात जास्त ताठपणा मिळतो.

एवढं देखणं काम त्यांनी फायबरच्या कवचाखाली पूर्ण झाकून टाकलं आहे. लाल-पांढऱ्या-हिरव्या रंगांतलं ते कवच रस्त्यावर माना वळवतं हे खरं, पण मला विचाराल तर ही गाडी उघडीच बघावी. हिवाळ्यात कवच उतरवून ठेवतो तेव्हा दिव्याखाली एकेक सांधा दिसतो. वेल्डिंगच्या बारीक लाटा एकीला लागून एक, सारख्या अंतराने नळीला वळसा घालून जातात. दोन-तीन ठिकाणी मात्र लाट किंचित रुंद झाली आहे. तिथे वेल्डरने हात बदलला असणार. त्या जागेवरून बोट फिरवायला मला फार आवडतं.

याच दिवसांत टॅपेट बघायचे. डुकाटीच्या या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नाही. उघडायला एक रॉकर, मिटायला दुसरा. म्हणजे चार व्हॉल्व्हला आठ फटी. प्रत्येकीत फिलर गेजची पाती सरकवून बघायची. ती अडखळतही नाही आणि सैलही जात नाही, असा नेमका घासा बोटांना कळायला वेळ लागतो. मला तो शिकवला बोलोन्याजवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने, स्वतःचं काम बाजूला ठेवून.

ऋतू उघडला की फूताचा रस्ता. पियानोरो, लोयानो, मोंगिदोरो आणि वर रातिकोसाची खिंड. एकेकाळी मिल्ले मिल्या शर्यतीच्या मोटारी याच घाटाने धावायच्या. शहरातून बाहेर पडेपर्यंत हाल असतात. हँडल खाली, मनगटांवर भार, सिग्नलला मांड्यांशी इंजिनची धग आणि ड्राय क्लचचा खडखडाट. लोयानोच्या पुढे हे सगळं विसरायला होतं. चाकं सोळा इंची, त्यामुळे नुसत्या नजरेच्या ओढीने गाडी कलते. आणि एकदा कलली की धरलेली रेषा सोडत नाही. वळणाच्या मध्यावर खड्डा आला तर तो कळतो जरूर, पण गाडी हलून लगेच जागेवर येते. हाताला दुरुस्ती करावीच लागत नाही. सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर आजच्या हिशेबाने काहीच नाही. मला कधीही कमी पडलेली नाही, कारण आहे ती सगळी वापरता येते.

इंजिनचे भाग डुकाटीवाल्यांकडे अजून मिळून जातात. बाकीचं शोधावं लागतं. त्या मापाचे चांगले टायर मिळाले की मी जादा जोड घेऊन ठेवतो. कवचाला तडा गेला होता, तो समुद्रकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाने भरून दिला. फायबरचं काम होडीचं काय नि गाडीचं काय, म्हणाला, आणि रंगही हुबेहूब मिळवला.

मध्यंतरी एक संग्राहक बघायला आला. किंमत चांगली देत होता. कुठे चालवणार, असं विचारलं, तर म्हणाला, चालवायची नाही, हॉलमध्ये ठेवायची. तोल सांभाळण्यासाठी माणसांनी एकेक नळी मापून जोडलेली गाडी कायमची स्टँडवर उभी करणं मला मान्य नाही. त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. आता टायमिंग बेल्ट बदलायचे आहेत. वरचं बर्फ निघेपर्यंत ते होऊन जातील.