गच्चीवरचे विमान, घरातला पंख

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाच्या पंखांचा सांगाडा लाकडी होता, वर कापड ताणलेले. तशा जुन्या विमानाची प्रतिकृती घरी बांधायची, तर सुरुवात पंखाच्या एका फासळीपासून करता येते. फळीवर पूर्ण मापाचे रेखाटन, कडेने ठोकळे ठोकून साचा, त्यात बिनगाठीच्या, सरळ धाग्याच्या स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या आणि सांध्यांवर प्लायवूडचे तुकडे. मग एक नमुना मुद्दाम मोडायचा: लाकूड फाटले तर जोड पास, चिकटवलेली जागा सुटली तर नापास.

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी धातूचे विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणी मिळायला २०१७ उजाडले. उडवायचे विमान म्हटले की परवानग्या आल्याच. फासळी करून पाहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना चौकटी, खुर्च्यांबरोबर अशी एक फासळीही करायला द्यावी. मापातला काटेकोरपणा आणि आपलेच काम मोडून तपासण्याची सवय, दोन्ही एकाच कामात शिकता येतील.

— संपादक