घरच्यासारखें

गेल्या वैशाखांत केदारनाथाच्या वाटेवर, गुप्तकाशी येथील एका हॉटेलच्या भोजनगृहांत प्रस्तुत लेखकास पुण्या-मुंबईकडील तीस-चाळीस प्रवाशांचा समुदाय भेटला. सोबत आणलेला आचारी श्रीखंड-पुरी वाढीत होता, आणि "अगदीं घरच्यासारखें!" या उद्गारांनीं दालन दुमदुमत होतें. खिडकीबाहेर चौखंब्याचीं शिखरें सांजउन्हांत तांबूस झालीं होतीं. तिकडे पाहण्यास फारशी कोणास सवड नव्हती. घरच्यासारखेंच हवें, तर मग घर सोडण्याचे श्रम कशास केले, हा प्रश्न त्या वेळीं मनांत आला, तो अजून गेलेला नाहीं.

कोणीं काय खावें व कोठें निजावें, ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे, असें म्हणण्याचा प्रघात आहे. हिमालयांत हा प्रघात खोटा ठरतो. तेथें प्रवासी जें मागतो, तें डोंगरास द्यावें लागतें.

पूर्वीं यात्रा पायीं होई तेव्हां वाटेवर चट्ट्या असत. चट्टीवाल्या दुकानदाराकडून शिधा घ्यावा, म्हणजे निवारा व स्वयंपाकाचीं भांडीं त्याच्याकडून विनामूल्य मिळत. त्या व्यवस्थेंत हाल होते, रोगराईही होती; तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु यात्रेकरूची गरज लहान होती, म्हणून निवाराही लहानच असे. आज आपणांस खोलीस लागून स्नानगृह, अष्टौप्रहर ऊन पाणी आणि गच्चीवरून नदीचें दर्शन हवें असतें. मग चार मजले चढतात, आणि तेही बहुधा उतारावर किंवा पाण्याच्या कांठीं.

जोशीमठ जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेलें आहे, तेथें अवजड बांधकामास आळा घालावा, असें मिश्र समितीनें 1976 सालींच बजावलें होतें. जानेवारी 2023 मध्यें तेथील आठशेंहून अधिक इमारतींस तडे गेले व एकमेकींवर कललेलीं दोन हॉटेलें पाडावीं लागलीं. सारा दोष हॉटेलांचा, असें म्हणणें अन्यायाचें होईल; परंतु जमिनींत मुरणारें सांडपाणी हें तज्ज्ञांनीं दाखविलेल्या कारणांपैकीं एक आहे, आणि त्या सांडपाण्यांत आपल्या स्नानाचा वांटा आहे. 5 ऑगस्ट 2025 रोजीं गंगोत्रीच्या वाटेवरील धराली येथें खीरगाडाच्या लोंढ्यानें हॉटेलें आणि पाहुण्यांसाठीं राखलेलीं घरें, दोन्ही गाडलीं. म्हणजे पाटीवर 'होमस्टे' लिहिल्यानें घर सुरक्षित होत नाहीं. तें ओढ्याच्या पात्रापासून किती दूर आहे, हें पाहावें लागतें.

आतां अन्नाकडे वळूं. गढवालांतील मंडुवा म्हणजे आपली नाचणी. तेथील गहत म्हणजे आपला कुळीथ. झंगोरा हा आपल्या साव्याचा सखा भाऊ. मंडुव्याची भाकरी, गहताचें फाणू, झंगोऱ्याची खीर, हें ज्यांना परकें वाटतें, त्यांच्या आज्या कोंकणांत कुळथाच्या पिठीवर व नाचणीच्या भाकरीवर वाढल्या! घरच्यासारखें जें अन्न तेथें मुळांतच होतें, तें आपण ओळखलें नाहीं, आणि श्रीखंडाचे डबे तेवढे डोंगरावर नेले.

हीं धान्यें पावसाच्या पाण्यावर, डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या शेतांत होतात. तीं शेतें ओस पडत आहेत. पौडी व अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दशकांत वाढण्याऐवजीं घटली. जें पिकतें त्यास दारांतच गिऱ्हाईक नसेल, तर तरुणानें गांवांत कोणत्या आशेवर राहावें?

यावर आक्षेप ठरलेला आहे: "म्हातारीं माणसें बरोबर असतात, परक्या अन्नानें पोट बिघडतें." वृद्धांस व रुग्णांस पथ्याचें अन्न अवश्य द्यावें; त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु केदारनाथाची उंची 3,583 मीटर आहे. तेथें पाणी सुमारें 88 अंशांवरच उकळतें, डाळ शिजतां शिजत नाहीं, आणि विरळ हवेंत भूक मंदावते. अशा ठिकाणीं तळलेली पुरी हें पथ्य कसें? ताजी भाकरी, पातळ डाळ आणि उकळलेलें पाणी यांनीं पोट बिघडण्याचें भय त्याहून खचितच कमी.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे. पुढील यात्रेची खोली ठरवितांना तीन प्रश्न विचारावेत: घर नदी-ओढ्यापासून किती उंचावर आहे? सांडपाणी कोठें जातें? आणि घरधनीण स्वतः जें जेवते, तें आम्हांस वाढील काय? तिसऱ्या प्रश्नानें पलीकडचा माणूस चकित होईल. आजवर त्याला तो कोणीं विचारलेला नसतो.