उभ्या माणसाची मजुरी

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान कापणीला आलेलं असेल. भाऊबीज झाली की मंडईची जत्रा, मंडईच्या रात्री नाटक, आणि दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेल्या पाठी. यंदा या पाठींविषयीच लिहायचं आहे.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी. अशा मृत्यूनंतर शासन २५ लाख देतं. द्यावेच. पण आपली जुनी सवय नंतरचं नीट करण्याचीच. वाघाशी झुंजताना गेला असं सांगतात, त्या तारूचं ताडोबाच्या तळ्याकाठी देऊळ झालं, जत्राही भरू लागली.

आधीचं काय? ‘गटाने जा’ ही सूचना दरवर्षी निघते. ती चूक नाही, पण हिशेब पाहा. ७० पानांचा एक पुडा, आणि मजुरी पुड्यांवर. चौघी एकाच झुडपाशी थांबल्या तर पानं चौघींत वाटली जातात. मग एक नाल्याकडे सरकते, दुसरी टेकाडामागे. संकलनाच्या फळीवर पुडे मोजले जातात, सोबत मोजली जात नाही. आणि एकटी वाकलेली बाई मागून वाघाला माणूस वाटतेच असं नाही.

याच चंद्रपूरच्या भूमिगत कोळसा खाणींत माइनिंग सरदार असतो. पाळी कामाला लागण्याआधी तो काठीने छत ठोकतो आणि कान देतो. आवाज पोकळ आला की कामगार मागे. तो स्वतः टोपलीभर कोळसा भरत नाही, तरी पगार घेतो, कारण खाणीच्या कायद्याने त्याचं बघणं हेच काम ठरवलंय. जंगल हीसुद्धा कामाचीच जागा. तिथला सरदार कुठे?

गडचिरोलीत कित्येक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. दर ठरवतानाच पाच तोडणाऱ्यांमागे एक उभा माणूस धरा: हातात काठी, नजर झुडपांवर, मजुरी इतरांइतकीच. पुडे कमी होतील, ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

तसा उभा माणूस आजही आहेच. जंगलाला लागून असलेल्या बांधीत सून धान कापते तेव्हा म्हातारा सासरा काठी टेकून बांधावर उभा असतो, मधूनमधून खाकरतो. मजुरीच्या वहीत त्याचं नाव नसतं.