शीर बांधण्याआधी

मेंदूच्या शस्त्रक्रियेत धमनीला सगळेच जपतात. शिरेचा हिशेब मात्र बराचसा अनुभवावर चालतो. मेंदूच्या वर मध्यरेषेतून जाणाऱ्या मोठ्या शिरेचा, सुपीरियर सॅजिटल सायनसचा, पुढचा एक तृतीयांश भाग बांधला तरी चालतो, मागचा नाही, ही जुनी शिकवण. पण रक्ताला दुसरी वाट आहे की नाही, हे माणसागणिक बदलते. कानशिलाकडच्या मेंदूतून रक्त नेणारी डावीकडची लाबेची शीर गेली तर वाचा जाऊ शकते, आणि सूज कधी दोन-तीन दिवसांनी चढते. त्यामुळे तात्पुरती क्लिप लावून मेंदू फुगतो का हे पाहिले, तरी पूर्ण खात्री होत नाही. मेंदूतली गाठ समूळ काढायची तर एखाद्या शिरेचा बळी द्यावाच लागतो, असा आक्षेप येईल. कधी ते खरेही असते. पण शिरेला चिकटलेला मेनिन्जिओमाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा, तुकडा ठेवून पुढे रेडिएशन देता येते. नांदेड-लातूरहून सोलापूर किंवा हैदराबाद गाठणाऱ्या नातेवाइकांनी संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारावे: शिरांचा एमआर व्हेनोग्राम काढला आहे का?