सोन्याला पीळ कोण घालतं?

दोस्तांनो, शाळेच्या घाईत कधी डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातली आहे? दोन्ही चपला अगदी सारख्या, एक म्हणजे दुसरीची आरशातली जुळी बहीण. तरीही एकीच्या जागी दुसरी बसत नाही!

रेणूंचंही असंच असतं बरं का. झरी जामणीच्या वाटेवरची चिंच खाल्ली की दात आंबतात ना? ते टार्टारिक आम्लामुळे. १८४८ साली फ्रान्समध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरनं याच आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगातून पाहिले. त्यात दोन प्रकार निघाले, एकमेकांची आरशातली रूपं! पठ्ठ्यानं चिमट्यानं एकेक वेचून वेगळे केले.

एवढ्याशा फरकानं काय होतं? पुदिना हुंगा, मग बाळंतशेपा हुंगा. दोन्हींत कार्व्होन असतं, पण एकात डावं, दुसऱ्यात उजवं. नाकाला लगेच कळतं! औषधांत तर एक रूप गुणकारी आणि त्याचं जुळं निरुपयोगी, कधी घातकही असू शकतं.

आता सोनं पाहू. सोन्याच्या अणूला डावं-उजवं नाही. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चिंचेच्या पानांच्या अर्कानं सोन्याचे अतिसूक्ष्म त्रिकोण बनवले गेले. असा चपटा त्रिकोण आरशातही तसाच दिसतो. मग सोन्याला पीळ येतो कुठून?

२०१८ मध्ये दक्षिण कोरियात की ताए नाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवलं. सोन्याचे कण वाढत असताना त्यांनी पाण्यात सिस्टीन घातलं. हे प्रथिनांमधलं अमिनो आम्ल, आणि त्याला 'हात' आहे. कणाच्या पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या असतात. त्यांचे काही कोपरे डावे, काही उजवे. सिस्टीन आपल्या मापाच्या कोपऱ्यावर जास्त घट्ट बसतं. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वाढत नाहीत आणि कडा पिळत जातात. उलट्या हाताचं सिस्टीन घातलं, की पीळही उलटा! कण केवढा? मिलीमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून लहान.

असे कण डाव्या आणि उजव्या गिरकीच्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. औषधातलं नको असलेलं जुळं ओळखायला ते उपयोगी पडावेत, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

करून पाहा : कुंपणावरचे वालाचे पाच वेल शोधा. ते कोणत्या बाजूनं वळसे घेत चढतात, ते वहीत लिहा. मग तोच वेल आरशात पाहा. काय बदललं, सांगा बरं?